घरातली शेवंती फुलवायची तर आधी अंधार करा

घरात ठेवलेली शेवंती पानांनी तरारते, पण कळी धरत नाही, ही तक्रार पुण्यातल्या फ्लॅटमध्ये नेहमीची. मग लोक खत वाढवतात. दोष खताचा नसतो, रात्री अकरापर्यंत चालू असलेल्या ट्यूबलाइटचा असतो.

शेवंतीला कळी धरायला रोज १२ तासांपेक्षा मोठी, सलग रात्र लागते. रोप दिवसापेक्षा रात्र मोजतं. मध्येच काही मिनिटं दिवा लागला तरी मोजणी बिघडते. दिवसाच्या लांबीचा आणि फुलण्याचा हा संबंध अमेरिकी शास्त्रज्ञ गार्नर आणि अॅलार्ड यांनी १९२० मध्ये मांडला, तोही तंबाखूवर. गांजाही याच स्वभावाचा. पण १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे परवान्याशिवाय त्याचं एक रोप लावणंही गुन्हा आहे, तेव्हा शेवंतीच बरी.

जून-जुलैत हडपसर-मांजरीकडच्या एखाद्या नर्सरीतून झिप्री किंवा पांढरी रेवडी अशा जातीचं रोप आणा. आठ इंची कुंडी, तळाला भोक. माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समसमान. सहा-सात पानं झाली की शेंडा खुडा. जीवावर येतं, पण त्याशिवाय बाजूचे फुटवे येत नाहीत. खिडकीत पावसाळी उजेड कमी पडतो, म्हणून रोपाच्या फूटभर वर पांढरा एलईडी टांगा आणि सूर्यप्रकाश धरून १५-१६ तास उजेड द्या. या काळात फक्त वाढ होऊ द्यायची.

रोप वीतभर झालं आणि फुटवे भरले की अंधार सुरू. संध्याकाळी सहाला कुंडीवर काळं, दुहेरी सुती कापड टाका, सकाळी आठला काढा. कापड पानांना टेकू नये, चार काठ्यांचा सांगाडा करा. प्लास्टिक नको, आत उकडतं आणि उकाड्याने कळी रेंगाळते. सुट्टीच्या दिवशीही सवलत नाही. सोसायटीचा हॅलोजन खिडकीतून आत येत असेल, तर कुंडी आतल्या खोलीत न्या. जातीप्रमाणे आठ ते दहा आठवड्यांत फूल उमलतं. म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीची दिवाळी असेल तर ऑगस्ट संपताना कापड हातात घ्यायचं. सणाच्या आठवड्यात मंडईतले भाव बघितले की हा खटाटोप परवडतो.

कळ्या दिसल्या की नत्राचं खत बंद, पालाश (पोटॅश) थोडं. पाणी बुंध्याशीच, पानं ओली राहिली की काळे ठिपके पडतात. मावा ही रस शोषणारी कीड कोवळ्या शेंड्याच्या मागे दाटीने बसते. ती दिसताच लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून फवारा, पण उमलत्या कळ्या टाळा. मोठं फूल हवं असेल तर मधली कळी ठेवून बाजूच्या खुडा. हारासाठी हवी असतील तर सगळ्या राहू द्या.

पाकळ्यांना रंग दिसला की कापड काढून ठेवा. बहर संपल्यावर रोप चार-सहा इंचांवर छाटा. बुडाशी येणारे फुटवे मुळांसकट वेगळे करून पुढच्या हंगामासाठी लावा.