आधी गळा, मग पेटी
गेल्या पावसाळ्यात खानापुरातल्या आमच्या घरी माझी पेटी, म्हणजे हार्मोनियम, दोन महिने बंद होती, कारण वाजवायला बसलो की बोटे त्याच त्या ताना काढत आणि नवे काही सुचतच नसे. शेवटी मी ताना सोडल्या आणि रोज संध्याकाळी २० मिनिटे फक्त भूप राग, म्हणजे मध्यम-निषाद (म आणि नी) वर्ज्य असलेले पाचच स्वर, आधी गाऊन मगच वाजवायचे ठरवले. श्वास जिथे संपे तिथे भाताही थांबवू लागलो, आणि बाराव्या दिवशी गंधारावरून धैवताकडे जाणारी, बोटांना कधीच न सुचलेली एक जागा, म्हणजे स्वरांची छोटी सुरेल वळणे, गळ्याने दाखवली. ती वाजवताना डोळे भरून आले. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांनी आजारपणात गाणे बंद असताना माळव्यातली लोकगीते कान देऊन ऐकली, हे मला फार मोलाचे वाटते. म्हणून आता शनिवारी भजनाला मी पेटी न नेता नुसता ऐकायला बसतो.