गोव्यात भारी फर्निचर ऑनलाइन मागवताय? आधी कॅलेंडर बघा, मग दरवाजा मोजा

मनापासून सांगतेय, फोटो आणि डिस्काउंट नंतर बघा. आमच्या फोंड्याच्या घरी 70 हजाराचं लाकडी क्रॉकरीचं कपाट चतुर्थीच्या आधी हवं म्हणून आम्ही जुलैत मागवलं, महिन्याभरात त्याचे ड्रॉवर उघडेनात, मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलावून कडा तासून घेतल्या, आणि जानेवारीत तेच ड्रॉवर एवढे सैल झाले की बाजूने जाड पुठ्ठा आत जाईल. पैसे गेलेच, वर चांगलं लाकूडही आमच्याच हाताने कमी केलं.

कारण नंतर कळलं. ऑनलाइन मिळणारं बरंच भरीव लाकडाचं फर्निचर जोधपूरकडे बनतं, तिथली हवा कोरडी. ते आपल्याकडे पावसात आलं की हवेतलं पाणी शोषतं आणि फुगतं, तेही लाकडाच्या रेषांच्या आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून पावसात ड्रॉवर अडकला तर रंधा लावू नका, मेणबत्ती घासून चालवा आणि डिसेंबरपर्यंत थांबा, तेव्हाही अडकला तरच तासा. जमलं तर दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत मागवा, म्हणजे लाकडाला हळूहळू सवय होते, आणि घाटातून पावसात भिजत येणारे खोके हा वेगळा त्रासही वाचतो.

ऑर्डरच्या आधी विक्रेत्याला चॅटवर नाही, ईमेलवर विचारा, उत्तर लेखी राहतं. लाकूड भट्टीत सुकवलंय का, ओलावा किती टक्के. टेबलाची वरची फळी खालच्या फ्रेमला कशी जोडलीय, स्क्रूसाठी लांबट भोक ठेवलंय का, कारण घट्ट आवळलेल्या रुंद फळीला हलायला जागा नसते आणि ती मधोमध चिरते. शीशम म्हणजे आजीच्या घरातलं शिसवी नव्हे हेही लक्षात घ्या, दोन्ही एकाच जातकुळीतली पण झाडं वेगळी. शीशममध्ये फिकट पांढरट पट्टे जास्त दिसले तर तो झाडाचा बाहेरचा भाग, त्याला कीड लवकर लागते. फर्निचरखाली पिठासारखा भुसा दिसला की समजा आत किडा आहे.

इंजिनिअर्ड वूड लिहिलेलं असेल तर ते बहुतेक एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा गोंदाने दाबून केलेली फळी, फरशी पुसताना खालची कड एकदा भिजून फुगली की परत बसत नाही, म्हणून पाय असलेलंच घ्या. प्लायवूड असेल तर आयएस 710 चा शिक्का विचारा, ते पाण्याला टिकणारं. सोफ्यात बॉन्डेड लेदर, म्हणजे चामड्याचा चुरा चिकटवून केलेलं, नकोच, आपल्या दमट हवेत त्याची सालं निघतात. समुद्राजवळ राहत असाल तर स्टीलच्या पायांसाठी 304 पेक्षा 316 ग्रेड बरा, खाऱ्या हवेला जास्त टिकतो.

आता दरवाजा. चौकटीच्या आतलं माप घ्या, जिन्याचं वळण घ्या, लिफ्ट असेल तर तिचंही, आणि सोफ्याचे पाय निघतात का, भाग सुटे होतात का हे विचारा. आपल्या गावच्या वाड्या-वस्त्यांत मोठा ट्रक शिरत नाही, तो हमरस्त्यावर थांबतो आणि मग टेम्पोचे पैसे कोण देणार यावर वाद होतो, म्हणून डिलिव्हरी गेटपर्यंत की घरात, कुठल्या मजल्यापर्यंत, हे आधीच लिहून घ्या. पत्त्यात देवळाची किंवा दुकानाची खूण घाला, नुसत्या घर नंबरावर बाहेरच्या ड्रायव्हरला काही सापडत नाही.

माल आला की खोक्याच्या चारी बाजू आणि लेबल दिसेल असा सलग व्हिडिओ काढा, मधे कट नको. ड्रायव्हर घाई करेल, करू दे. आधी उघडून बघा, मागची बाजू, खालची बाजू, प्रत्येक ड्रॉवर, बुरशीचा वास. उघडायला देतच नसतील तर सही करताना पावतीवर 'न उघडता घेतलं' लिहा, खोका फाटलेला असेल तर तेही लिहा आणि त्या पावतीचा फोटो ठेवा. किती तासांत तक्रार करायची ते साइटवर आधीच वाचलेलं असू दे, आणि परत पाठवायची मुदत संपेपर्यंत पॅकिंग फेकू नका.

दाद मिळाली नाही तर गप्प बसू नका. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. पुढे 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, विक्रेता राजस्थानात असला तरी. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पण दोन वर्षांच्या आत करा, आणि बिल आपल्या नावाचं हवं.

एक गोष्ट राहिली. पुढे आम्ही एक बाक मागवला, त्याचा पाय चिरलेला आला, तर विक्रेत्याने लगेच 3 हजार परत देतो म्हटलं. घेतले नाहीत, कारण ते घेतले की तक्रार बंद धरतात आणि पाय तसाच राहतो. व्हिडिओ जोडून ईमेल केला, नवीन पायच हवा म्हणून धरून बसलो, आणि 19 दिवसांनी तो आला.