फुगे बांधून रेणूचा आकार कसा ओळखावा

पाण्याचा रेणू वाकडा का, हे पाठ करून कळत नाही. चार फुगे हातात घेतले की कळतं. लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत मी अकरावी-बारावीच्या मुलांना असंच शिकवते. दादरच्या बाजारातून लाल आणि निळे फुगे आणा, बाकी कागद-पेन्सिल पुरे.

आधी हिशेब. मधल्या अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या कवचातले, मोजा, जोडलेल्या प्रत्येक हायड्रोजनचा एकेक मिळवा आणि दोनने भागा. पाण्यात ऑक्सिजनचे 6, हायड्रोजनचे 2, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या 4 जोड्या. दोन बंधांत गेल्या, दोन एकाकी, म्हणजे बंधाविना, उरल्या. मुलं नेमकी इथे घसरतात. बंध दोन दिसले की फुगेही दोनच घेतात! एकाकी जोडीलाही जागा लागते, तिचा फुगा हवाच.

आता दोन लाल फुगे बंधांचे. दोन निळे एकाकी जोड्यांचे, ते थोडे जास्त फुगवा. दोन-दोन फुगे तोंडाशी बांधा आणि दोन्ही जोड्या एकमेकींत पिळा. चारही फुगे टेबलावर दाबून सपाट करा आणि हात सोडा. ते झटकन उसळून चार दिशांना पांगतात. हाच चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा आकार. इलेक्ट्रॉनच्या जोड्याही अशाच जमेल तेवढ्या लांब सरकतात. गिलेस्पी आणि नायहोम या रसायनशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये याच कल्पनेवर आकार ओळखायची रीत बसवली.

रेणूचं नाव मात्र अणूंच्या मांडणीवरून पडतं, म्हणून निळे फुगे नजरेआड करा. उरतो तो वाकडा आकार. एकाकी जोडी नसलेल्या मिथेनचा बंधकोन (दोन बंधांमधला कोन) 109.5°, एक एकाकी जोडी असलेल्या अमोनियाचा सुमारे 107°, पाण्याचा 104.5°. मोठे निळे फुगे लाल फुग्यांना जवळ ढकलतात, ते बोटांना जाणवतं.

सममिती, म्हणजे फिरवूनही रेणू तसाच दिसणं, पाहण्यासाठी एकाने डोळे मिटावेत, दुसऱ्याने लाल फुग्यांच्या मधोमध जाणाऱ्या अक्षाभोवती रेणू अर्धा फिरवावा. डोळे उघडल्यावर फरक ओळखता येत नाही. अमोनियाला 120° फिरवलं तरी पुरतं.

कार्बन डायऑक्साइडला दोनच फुगे, कारण दुहेरी बंधालाही एकच फुगा. ते सरळ रेषेत बसतात, दोन्हीकडची इलेक्ट्रॉनची ओढ एकमेकींना खोडते आणि रेणू अध्रुवीय राहतो, म्हणजे त्याला धन आणि ऋण अशी टोकं नसतात. पाण्यात ती खोडली जात नाही; मीठ विरघळवायची त्याची ताकद या ध्रुवीयतेतून येते.

मोरचूदातल्या तांब्यासारख्या संक्रमण धातूंना मात्र हा हिशेब लावू नका, तिथे तो फसतो.