रद्दीच्या लगद्याचा कळीदार मोदक

महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीला बंदी असल्याने गणपतीच्या आराशीसाठी रद्दीच्या लगद्यातून दोन वीत उंचीचा उकडीचा मोदक घडवणे हा चांगला पर्याय आहे. मात्र लगद्याला कडक ऊन लागते, त्यामुळे हे काम श्रावणावर न टाकता वैशाखातच हाती घ्यावे.

अर्धा किलो वर्तमानपत्रांचे बारीक तुकडे करून दोन दिवस पाण्यात भिजवावेत आणि पाणी रोज बदलावे. गुळगुळीत, चकचकीत कागद नीट भिजत नाही, म्हणून तो वगळावा. पूर्वी घरोघरी कागदाच्या टोपल्या करताना लगद्यात मेथी घालत, तीच रीत येथेही उपयोगी पडते. रात्रभर भिजवलेली मूठभर मेथी बारीक वाटून, पिळून घेतलेल्या आणि मिक्सरमधून काढलेल्या लगद्यात मळावी. मेथीच्या चिकटपणामुळे लगदा वाळल्यावर टणक होतो.

पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर चुरगळलेल्या कागदांचा गोळा सुतळीने घट्ट आवळून बांधावा, वर निमुळते टोक काढावे आणि मैद्याच्या खळीत बुडवलेल्या कागदी पट्ट्यांचे चार थर द्यावेत. प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा देऊ नये.

खरी परीक्षा कळ्यांची. उकड चिमटीत धरून कळ्या पाडता येतात, पण लगद्याच्या कळ्या चिमटून काढल्या तर वाळताना त्या आक्रसतात आणि घळींमध्ये भेगा पडतात. त्यामुळे खळीत भिजवलेल्या जाड सुतळीचे अकरा तुकडे टोकापासून पोटापर्यंत समान अंतरावर चिकटवावेत, ते वाळल्यावरच त्यांवर लगद्याचा पातळ हात फिरवावा आणि ओल्या चमच्याच्या दांड्याने मधल्या घळी दाबून घ्याव्यात. सुतळी खाली येताना पोटात विरत गेली पाहिजे. ती तळापर्यंत तशीच ठळक ठेवली, तर मोदकाऐवजी भोपळा दिसू लागतो. तरीही भेगा पडल्याच, तर त्या अधिक बारीक वाटलेल्या लगद्याने बुजवाव्यात.

पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावेत, अन्यथा छपाईच्या शाईचा करडेपणा वर येतो. तांदळाच्या उकडीचा रंग चुन्यासारखा पांढराफटक नसतो, म्हणून शेवटच्या हातात पिवळ्या रंगाचा एखादा थेंब मिसळावा. टोकावर नारिंगी दोऱ्याचे दोन तुकडे केशराच्या काड्या म्हणून चिकटवावेत.

मोदकाखालचे केळीचे पान नालीदार खोक्यातून निघते. पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतल्या समांतर रेघा उघड्या पडतात, आणि हिरवा रंग लावल्यावर त्या हुबेहूब पानाच्या शिरांसारख्या दिसतात.