वार, कापलेला पाय आणि पिवळी पिशवी : या चुका टाळा

बायोमेडिकल वेस्टच्या ट्रेनिंगमध्ये सगळे माना डोलावतात, कचऱ्याच्या पिशव्या-डब्यांचे चारही रंग पाठ म्हणून दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी लेबर रूममध्ये जाऊन बघावं तर वार (प्लॅसेंटा) हायपोच्या, म्हणजे जंतू मारायच्या सोडियम हायपोक्लोराइटच्या, बादलीत तरंगत असते. मी इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघते, नागपुरातल्या छोट्या-मोठ्या हॉस्पिटलांत शिकवायला पण जाते, आणि त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय. इथे फक्त शरीराच्या भागांचं बोलते, म्हणजे वार, कापलेला पाय, काढलेलं गर्भाशय, अ‍ॅबॉर्शनचं मटेरियल, जे पिवळ्या पिशवीत जातं. सुया आणि सलाईनच्या नळ्यांचं रडगाणं वेगळं आहे.

आधी हायपोचंच, कारण ही माझी सगळ्यात नावडती चूक. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, जंतू मरतात ना." अहो पण पिवळी पिशवी जाते कुठे, इन्सिनरेटरमध्ये, म्हणजे कचरा जाळायच्या भट्टीत, तिथल्या दुसऱ्या चेंबरला १०५० डिग्रीच्या आसपास तापमान असतं, तुमची वार तिथे काय जंतू घेऊन टिकणार आहे? उलट क्लोरीन सोबत गेलं की जळताना डायॉक्सिन-फ्युरानसारखे विषारी वायू व्हायचा धोका, पिशवी नॉन-क्लोरिनेटेड प्लास्टिकची पाहिजे असं म्हणतात ते पण त्याचसाठी. बायोमेडिकल वेस्टच्या २०१६ च्या नियमांत सरळ लिहिलंय की जाळायच्या कचऱ्याला आधी केमिकल ट्रीटमेंट नको, अपवाद लॅबच्या कल्चरसारख्या जास्त इन्फेक्शनवाल्या कचऱ्याचा. आणि बादलीतून काढलेली ती निथळती वार पिशवीत गेली की पिशवी गळते, मग मावशी लिफ्टपासून गेटपर्यंत पुसत बसतात. हायपो फरशीवर सांडलेल्या रक्तासाठी ठेवा. वार ट्रेमधून थेट पिशवीत, बस.

दुसरी चूक साठवणुकीची, आणि हिचा किस्सा सांगितल्याशिवाय कोणाला पटत नाही. एक छोटं नर्सिंग होम, नाव नाही सांगत. नवतपा, म्हणजे कडक उन्हाळ्याचे ते नऊ दिवस, सुरू होता, नागपूरचा नवतपा म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. शनिवारी रात्री लागोपाठ डिलिव्हऱ्या झाल्या, रविवारी कॉमन फॅसिलिटीची (सगळ्या हॉस्पिटलांचा असा कचरा नेऊन जाळणाऱ्या केंद्राची) गाडी आली नाही, आतल्या खोलीत वास सुटला म्हणून वॉर्डबॉय मामांनी पिशवी उचलून जिन्याखाली जनरेटरच्या बाजूला ठेवली. एकच पिशवी, गळ्यापर्यंत भरलेली, वर गॉजच्या पट्टीची गाठ. पहाटे कुत्र्याने फाडली आणि एक वार ओढत गेटबाहेर नेली. दूधवाल्याने पाहिलं, अन् पाच मिनिटांत गल्लीत बोंब, "पोट्टं फेकलं बाप्पा कोणीतरी!" पोलीस आले. पोलिसांनी प्रश्न साधाच विचारला, डिलिव्हऱ्या किती आणि वारा किती, दाखवा. रजिस्टर उघडलं तर गुरुवारपासून कोरं. मला फोन आला तेव्हा डॉक्टरसाहेब केसपेपर काढून एकेक डिलिव्हरी जुळवत होते, आणि बाहेर जमलेली माणसं काही केल्या हलत नव्हती. संध्याकाळपर्यंत तपासून निघालं की ती वारच होती, गुन्हा काही नव्हता. पण त्या गल्लीत अजूनही त्या दवाखान्याची ओळख तीच आहे.

आता यात चूक कुत्र्याची नाही आणि एकट्या गाडीवाल्याची पण नाही. ४८ तासांच्या वर असा कचरा न जाळता ठेवायचाच नाही हा नियम आहे, अडचण आली आणि ठेवावाच लागला तर त्रास होणार नाही अशी सोय करायची आणि कारण देऊन एमपीसीबीला (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला) कळवायचं. आमच्या उन्हाळ्यात तर मी म्हणते ४८ तास पण जास्तच आहेत. माझी सवय सांगते. पिशवी पाऊण भरली की बंद, तोंड पिळून दुमडून मग टाय, बाहेरून दुसरी पिशवी, बारकोड, तारीख, आणि कुलपाच्या खोलीत. जमलं तर एक जुना डीप फ्रीजर फक्त यासाठी घ्या. फक्त यासाठी म्हटलं हं, लसींच्या फ्रीजमध्ये ठेवलेलं पण मी पाहिलंय, त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि डिलिव्हरी रजिस्टरच्या त्याच ओळीत वार कुठल्या पिशवीत गेली, किती वाजता, कोणाची सही. दहा सेकंदांचं काम आहे, नवीन सिस्टर लोकांना तेवढाही धीर नसतो, "ड्युटी संपताना सगळं एकदम लिहिते मॅडम", आणि मग ते कधीच लिहून होत नाही.

कापलेला पाय. हाडाचं टोक पिशवी फाडतं हे सगळ्यांना माहीत असून कोणी बांधत नाही. कापलेल्या टोकाला जाड गॉज किंवा जुना ड्रेप (ऑपरेशनची चादर) गुंडाळा, मग दोन पिशव्या, आणि उचलून नेऊ नका, झाकणाच्या बादलीत न्या, व्हिजिटिंग अवरमध्ये तर अजिबात नको. नातेवाइकांना पाय हवा असेल तर ते ऑपरेशनच्या आधी विचारा, लिहून घ्या, ओटीतून बाहेर आल्यावर पिशव्या उघडत बसायची वेळ येऊ नये.

स्पेसिमेनची, म्हणजे तपासणीला काढलेल्या तुकड्याची, बरणी फॉर्मॅलिनसकट (तुकडा टिकवायच्या द्रवासकट) पिशवीत टाकू नका. टिश्यू वेगळं, फॉर्मॅलिन केमिकल कचऱ्यात वेगळं.

हातमोजे, सलाईन सेट, कॅथेटर "सगळं पिवळ्यातच टाक" हा शॉर्टकट बंद करा, ते लाल पिशवीचं आहे. डेंटलवाल्यांनो, चांदी भरलेली दाढ जाळायला देऊ नका, त्यात पारा असतो.

"मागे जागा आहे, खड्डा करून पुरतो" असं हिंगणा, कामठीकडचे काही जण अजून म्हणतात. नाही चालत. कॉमन फॅसिलिटी नागपुरात आहे आणि ७५ किलोमीटरच्या आत ती असली की कचऱ्याची विल्हेवाट स्वतः लावायची परवानगीच नाही. पुरायची मुभा दुर्गम भागात, जिथे अशी सोय पोचत नाही तिथेच, आणि तिथे पण दोन मीटर खोल खड्डा, चुना, माती असं सगळं रीतसर. आणि महानगरपालिकेच्या कचरागाडीत चुकून गेली तर पिशवी थेट भांडेवाडीच्या कचरा डेपोला, तिथे कचरा हाताने वेचणारी माणसं असतात.

पूर्ण दिवसांचं मृत जन्मलेलं बाळ हा कचरा नाही, कधीच नाही. त्याची नोंद होते आणि ते घरच्यांकडे जातं. पिवळ्या पिशवीत जाणारा गर्भ म्हणजे वायबिलिटीच्या आतला, आईच्या पोटाबाहेर जगू शकेल इतके दिवस न भरलेला.

शेवटची, आणि ही चूक झाली की दुरुस्ती नसते. अल्पवयीन मुलीची पोक्सोची केस असेल, बलात्काराची असेल, आणि गर्भपात होत असेल तर मटेरियल पिशवीत टाकायचं नाही. ते डीएनएसाठी पुरावा आहे, सील करून पोलिसांकडे द्यायचं, घेणाऱ्याची सही घ्यायची. आणि सवयीने फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नका, त्यात डीएनए खराब होतो. रात्रपाळीच्या मावशींना हे माहीत असेल असं धरून चालू नका, अशी केस घेतली की डॉक्टरांनी स्वतः ओटीत सांगायचं आणि पिशवीला हात लावायच्या आधी सांगायचं.