बत्तीसने शिफ्ट केलं की शून्य यायला हवं
एआरएम प्रोसेसरचा प्रोग्रॅम खऱ्या बोर्डावर बरोबर चालतो आणि एक्स८६ पीसीवरच्या एम्युलेटरमध्ये (बोर्डाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) भलतंच उत्तर देतो? आधी शिफ्टच्या, म्हणजे आकड्याचे बिट डावीउजवीकडे सरकवणाऱ्या, इन्स्ट्रक्शन तपासा. माझे दोन रविवार यातच गेले, तेही सोलापूरच्या मे महिन्यात, दुपारी लाइट गेलेली असताना.

३२-बिट एआरएममध्ये रजिस्टरमधल्या (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यातल्या) आकड्याने डावीकडे शिफ्ट करताना त्याचा खालचा अख्खा बाइट धरतात, त्यामुळे आकडा ३२ असेल तर उत्तर ०. एक्स८६ मात्र ३२-बिट शिफ्टला फक्त खालचे ५ बिट बघतो. त्याच्या लेखी ३२ म्हणजे ०, किंमत जशीच्या तशी. एम्युलेटरमधल्या ट्रान्सलेटरने, म्हणजे एआरएमच्या इन्स्ट्रक्शनच्या जागी एक्स८६ च्या घालणाऱ्या भागाने, एकीची दुसरीशी सरळ गाठ मारली की झाला घोळ: १ ला ३२ ने सरकवलं तर बोर्डावर ०, एम्युलेटरमध्ये १.

उपाय छोटा आहे. आधी शिफ्टच्या आकड्याचा खालचा बाइट वेगळा काढा. तो ३१ च्या वर असेल तर शिफ्टच्या उत्तराऐवजी ० घ्या. कॅरी फ्लॅग (सरकवताना शेवटी बाहेर पडलेला बिट) लागत असेल तर हा बाइट ३२ असताना तो मूळ किमतीचा सगळ्यात खालचा बिट, ३३ पासून ०, आणि ० ला जुनाच.

चूक शोधताना एका ब्लॉकमध्ये (ट्रान्सलेटर एका वेळी घेतो त्या तुकड्यात) एकच इन्स्ट्रक्शन ठेवा, प्रत्येकीनंतर रजिस्टर बोर्डाशी ताडा आणि पहिल्या फरकाला थांबा. पुढचे बहुतेक फरक त्याचीच पिल्लं. आमच्याकडे चादरीच्या जॅकार्डच्या कार्डावर एक भोक चुकलं तर प्रत्येक मोरात तोच धागा चुकतो. मोर मोजत बसायचं नसतं, कार्ड बघायचं.

चाचणीत ०, ३१, ३२, ३३, २५५ आणि २५६ घालाच. २५६ चा खालचा बाइट ० असतो. मी तिथेच फसलो होतो.