डिस्प्ले येत नाही? आधी बघा, काळोख कुठे पडतो

कॉम्प्युटरचे पंखे फिरतात, लाइट लागतो, पण डिस्प्ले येत नाही. अशा वेळी पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो आणि बरेचदा तो चुकीचा असतो. नवीन कार्ड घ्यायला बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) जाण्याआधी एक गोष्ट ठरवा. पडदा सुरुवातीचा कंपनीचा लोगो येण्याआधीपासूनच काळा आहे, लोगो दिसून मग काळा होतो, की लोगो दिसत नाही पण विंडोज मात्र उघडतं? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

बटण दाबल्यावर एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) सगळे व्होल्टेज स्थिर झाल्याचा 'पॉवर गुड' इशारा देतो. मग प्रोसेसर मदरबोर्डवरच्या फर्मवेअर चिपमधला कोड (बायोस किंवा त्याचं नवं रूप यूईएफआय) चालवू लागतो. त्या क्षणी रॅम वापरण्याजोगी नसते, म्हणून कोड प्रोसेसरच्या कॅशमध्येच (आतल्या छोट्या मेमरीत) आपलं भागवतो आणि रॅमचं टायमिंग जुळवत बसतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ग्राफिक्सचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणजे रॅम अडकली तर कार्ड ठणठणीत असूनही पडदा काळाच राहणार. डीडीआर५ या नव्या रॅमच्या मशीनमध्ये पहिल्यांदा किंवा सीमॉस क्लिअर केल्यावर (बायोसच्या सेटिंग्ज पुसल्यावर) हे ट्रेनिंग काही मिनिटं चालू शकतं. तेवढ्यात घाबरून पॉवर काढली की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू.

रॅम लागली की फर्मवेअर पीसीआय एक्सप्रेसवर (कार्डं जोडतात त्या मार्गावर) कोण कोण बसलंय ते विचारत फिरतं. उत्तरात कंपनीचा क्रमांक येतो: इंटेलचा ८०८६, एएमडीचा १००२. स्लॉट रिकामा असेल किंवा कार्ड नीट बसलं नसेल, तर नुसते 'एफएफएफएफ' परत येतात. कार्डाला मेमरीतले किती पत्ते लागतात हे शोधायची रीत मजेशीर आहे. त्याच्या बेस ॲड्रेस रजिस्टरमध्ये (पत्ता नोंदवायच्या खान्यात) सगळे बिट १ लिहायचे आणि वाचून बघायचं. जे बिट शून्यच राहिले, त्यांवरून जागेचा आकार कळतो. मग तेवढी जागा त्याच्या नावावर केली जाते.

आता कार्ड चालवायचं कसं? ते मदरबोर्डला माहीत नसतं, कार्ड स्वतःच सांगतं. कार्डावरच्या चिपमध्ये ऑप्शन रॉम, म्हणजे कार्ड चालवायचा कोड, असतो आणि त्याचे पहिले दोन बाइट ५५ आणि एए असतात. जुन्या बायोसच्या काळात हा कोड सी०००० या पत्त्यावर उतरवून चालवला जायचा. यूईएफआयमध्ये त्याच रॉममधला वेगळा भाग ड्रायव्हर म्हणून लोड होतो आणि जीओपी, म्हणजे ग्राफिक्स आउटपुट प्रोटोकॉल, उपलब्ध करून देतो. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, त्याआधीच्या बऱ्याच कार्डांत हा भागच नाही. असं कार्ड नव्या बोर्डात लावलं आणि सीएसएम (जुन्या बायोसची पद्धत चालवणारी सोय) बंद असेल, तर फर्मवेअरला त्याच्याशी बोलताच येत नाही.

ड्रायव्हर मग मॉनिटरला विचारतो, तुला कोणतं रिझोल्यूशन चालतं? मॉनिटर १२८ बाइटचा ईडीआयडी, म्हणजे स्वतःची माहिती, पाठवतो. शेवटचा बाइट असा ठेवलेला असतो की सगळ्यांच्या बेरजेला २५६ ने भागल्यावर बाकी शून्य यावी. एचडीएमआयवरून व्हीजीए करणाऱ्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये ही देवाणघेवाण नेमकी फसते. मोड ठरला की पडद्याचं चित्र मेमरीत एका सलग पट्ट्यात राहतं. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे सुमारे ८ एमबी. लोगो तिथेच रंगवला जातो, आणि विंडोजचं फिरणारं वर्तुळसुद्धा सुरुवातीला त्याच पट्ट्यात.

लोगोच नाही

आधी केबल. ती मदरबोर्डच्या पोर्टला लागली आहे की कार्डाच्या, ते बघा. कार्ड असताना केबल कार्डालाच हवी. कार्ड नसेल तर प्रोसेसरचं नाव वाचा. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही, मागच्या पोर्टमधून काहीच येणार नाही.

बोर्डावर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार छोटे लाइट असतील तर ज्यावर गाडी अडली तो पेटून राहतो. एएमआय कंपनीच्या फर्मवेअरच्या बोर्डावर आकडे दिसत असतील आणि 'डी६' आला, तर चित्र दाखवायला एकही साधन सापडलेलं नाही.

डीरॅमचा लाइट असेल तर मशीन बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा. रॅम काढून सोनेरी टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर चालतो असं सगळेच सांगतात, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये गेला की नवीन दुखणं. एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, खटका ऐकू येईपर्यंत दाबून लावा. नागपुरात उन्हाळ्यात ही सफाई जास्त लागते, कारण कॅबिनेट कूलरच्या झोतात ठेवलेलं असतं आणि ओलसर हवेबरोबर धूळ आत चिकटते. कूलर बंद असताना मात्र मे महिन्याची हवा खडखडीत कोरडी, त्यामुळे रॅमला हात लावण्याआधी उघड्या धातूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज उतरवा.

व्हीजीएचा लाइट असेल तर कार्ड काढून पुन्हा बसवा आणि त्याची पॉवर केबल तपासा. स्लॉट ७५ वॅटपर्यंतच देतो, ८ पिनची केबल आणखी १५०. ती राहिली तर पंखा फिरतो, चित्र नाही.

तरी नाही, तर सीमॉस क्लिअर. सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. त्याआधी दोन गोष्टी. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. आणि विंडोज जुन्या लीगसी पद्धतीने टाकलेलं असेल तर नंतर सीएसएम पुन्हा चालू करावं लागेल, नाहीतर डिस्प्ले येईल पण विंडोज सापडणार नाही.

लोगो येतो, मग काळं

इथे हार्डवेअरची सुरुवात नीट झाली आहे. फर्मवेअरने दिलेला पट्टा सोडून कंपनीचा ड्रायव्हर ताबा घेतो, तिथे गाडी घसरते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. नाही जमलं तर सुरू होताना दोन-तीनदा पॉवर तोडा, रिकव्हरी उघडेल. स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ४ दाबून सेफ मोडमध्ये जा आणि ड्रायव्हर काढून टाका.

लोगो नाही, पण विंडोज उघडतं

कार्ड चालू आहे, फक्त सुरुवातीचं चित्र पोचत नाही. डिस्प्लेपोर्टवरचे काही मॉनिटर उशिरा जागे होतात. बायोसमध्ये फास्ट बूट बंद करा. बायोसच दिसत नसेल तर तेवढ्यापुरती एचडीएमआय केबल लावा. एनव्हिडियाच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांवर नेमक्या याच दुखण्यासाठी कंपनीने फर्मवेअर अपडेट दिलेलं आहे. ते चालू असताना मात्र लाइट जाता कामा नये, म्हणून मशीन यूपीएसवर असू द्या.

लिनक्स असेल आणि लोगोनंतर पडदा काळा होत असेल, तर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या मेनूत) 'ई' दाबून 'linux' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'nomodeset' (नोमोडसेट) लिहा. पडदा फर्मवेअरच्याच मोडवर राहतो आणि आत शिरता येतं. असा लिहिलेला शब्द त्या एका वेळेपुरताच टिकतो; ग्रबच्या सेटिंगमध्ये तो कायमचा टाकला असेल, तर ड्रायव्हर दुरुस्त झाला की काढून टाका. राहू दिलात तर व्हिडिओ अडखळतील आणि दोष पुन्हा कार्डालाच लागेल.